पट्टा संपतो केव्हा? कलम १११ ची आठ दारे आणि त्यांपुढे उभी राहिलेली माणसे

१/ ३१ मे २०१३ रोजी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा भाडेपट्टा संपला. शर्यती मात्र थांबल्या नाहीत. क्लब जागेवरच राहिला, आणि त्या सुमारे २११ एकरांचा नवा हिशोब लागायला २०२४ साल उजाडावे लागले : सुमारे १२० एकर महापालिकेच्या उद्यानासाठी, उरलेली सुमारे ९१ एकर क्लबकडे. कागदावर पट्टा संपणे आणि प्रत्यक्षात जागेचा प्रश्न सुटणे या दोन घटनांत एवढे अंतर का पडते? या अंतरात वकील आणि जुने दस्त जसे आहेत, तशी चाळीतली कुटुंबे आणि शेतावरची कुळेही आहेत. हा धागा त्या अंतराच्या इतिहासाचा.

२/ इंग्रजी कायद्याच्या आधीही हा प्रश्न महाराष्ट्राला ठाऊक होता. मराठा काळातल्या गावात मिरासदार आणि उपरी असे दोन प्रकारचे शेतकरी असत. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा. तो परागंदा झाला, जमीन दुसऱ्याने कसली, तरी बऱ्याच काळाने परत येऊन तो आपली मिरास मागू शकत असे. उपऱ्याची जमीन कौलावर असे, आणि कौलाला मुदत असे. पडीक जमीन लागवडीला आणायची तर ‘इस्तावा’ देत : पहिल्या वर्षी नाममात्र धारा आणि पुढे वर्षागणिक वाढता. मुदत सरली की नवा कौल घ्यावा, नाहीतर जमीन सोडावी. म्हणजे ‘कधीच न संपणारा हक्क’ आणि ‘मुदतीचा हक्क’ ही विभागणी आपल्याकडे जुनीच.

३/ एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्याच्या महसुली व्यवहारात दोन शब्द जोडीने येतात : राजीनामा आणि कबुलायत. एक खातेदार जमीन सोडतो, तो राजीनामा देतो. दुसरा ती घेतो, तो कबुलायत लिहून देतो. आज राजीनामा म्हटले की नोकरी किंवा मंत्रिपद आठवते. शेतीच्या दफ्तरात त्याचा अर्थ होता ‘मी माझ्या राजीने ही जमीन सोडतो’. या ‘राजी’ शब्दात किती राजी असे आणि किती नाइलाज, हा प्रश्न पुढे शंभर वर्षे या विषयाची पाठ सोडत नाही.

४/ १८८२ साली ब्रिटिश हिंदुस्थानात मालमत्ता हस्तांतरण कायदा आला. त्या वर्षीचा हा चौथा अधिनियम. त्याच्या अखेरच्या मसुद्यावर काम करणाऱ्या चौथ्या विधी आयोगात व्हिटली स्टोक्स आणि चार्ल्स टर्नर यांच्या जोडीला मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश रेमंड वेस्टही होते. गंमत अशी की खुद्द मुंबई इलाखा आरंभी या कायद्याबाहेर ठेवला गेला. इथे तो लागू झाला १ जानेवारी १८९३ पासून. आणि पट्ट्यांविषयीच्या प्रकरणातच एक महत्त्वाचा अपवाद लिहून ठेवला होता, कलम ११७ : सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज शेतीच्या पट्ट्यांना हे प्रकरण लागू नाही. घराचा भाडेकरू एका वाटेने गेला, शेताचे कूळ दुसऱ्या वाटेने. दोन्ही वाटा पुढे येतीलच.

५/ या कायद्याच्या भाषेत भाडेपट्टा म्हणजे नुसता करार नव्हे. तो स्थावर मालमत्तेच्या उपभोगाचा हक्कच ठरावीक वा कायम काळासाठी दुसऱ्याच्या हाती देतो. म्हणून मालकाची मर्जी फिरली एवढ्याने तो संपत नाही. तो कसा संपतो, याची यादी कलम १११ मध्ये आहे. अ, ब, क, ड करीत तिच्यात आठ बाबी येतात. घराला आठ दारे असावीत आणि प्रत्येक दाराला वेगळी कडी असावी, तशी ही रचना आहे. कोणते दार मालकाने उघडायचे, कोणते भाडेकरूने, कोणते आपोआप उघडते, हे एकदा कळले की अर्धे भांडण कळते.

६/ पहिले दार : मुदत संपणे. पाच वर्षांचा पट्टा पाच वर्षांनी संपतो. त्यासाठी नोटीस लागत नाही. दिसायला हे सर्वांत सोपे. परंतु मुदत मोजण्याचा आकडा माणसाच्या आयुष्यापेक्षा मोठा असला तर? १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने आखलेल्या वसाहतींतले भूखंड दीर्घ पट्ट्यांनी दिले गेले. त्यांत ९९ वर्षांचे पट्टे होते, तसे ९९९ वर्षांचेही. ९९ वर्षांचा पट्टा करणारे दोघेही तो संपताना हयात नसतात. त्यामुळे ही मुदत सरते तेव्हा मूळ बोलणे कुणालाच आठवत नसते, उरतो तो दस्त.

७/ दुसरे आणि तिसरे दार घटनेवर अवलंबून आहे. ‘अमुक घडेपर्यंत’ असा पट्टा असेल तर ते घडताच तो संपतो. आणि देणाऱ्याचाच हक्क मर्यादित असेल, तर त्याच्या हक्काबरोबर पट्टाही संपतो. हयातीपुरता हक्क असलेला मनुष्य आपल्या हयातीपलीकडचे काय देणार? याची आपल्या समाजातली ओळखीची छाया म्हणजे हिंदू विधवेची मर्यादित मालकी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापर्यंत पतीची मिळकत तिच्या हाती येई ती मर्यादित हक्काने. कायद्याने मानलेल्या गरजेशिवाय तिने दीर्घ पट्टा दिला, तर तिच्या पश्चात वारस तो नाकारू शकत. पट्टा घेणाऱ्याला म्हणूनच जमिनीइतकीच देणाऱ्याच्या हक्काची पारख करावी लागे.

८/ चौथे दार विलीनीकरणाचे. भाडेकरूने तीच मिळकत विकत घेतली, तर मालकही तोच आणि भाडेकरूही तोच. स्वतःच स्वतःला भाडे कसे देणार? पट्टा विरघळतो. मात्र अट कडक आहे : संपूर्ण मिळकतीतले दोन्ही हक्क, एकाच वेळी, एकाच व्यक्तीकडे, एकाच नात्याने आले पाहिजेत. चार भावांच्या वाड्यातल्या एका भावाचा हिस्सा भाडेकरूने घेतला, तर तो सहमालक होतो, परंतु वाड्यातला त्याचा भाडेपट्टा तेवढ्याने संपत नाही. हे दार लक्षात ठेवावे. १९५७ साली महाराष्ट्रात ते एका दिवसात असंख्य कुळांसाठी उघडले, तेही त्यांनी खरेदीखत न करता.

९/ पाचवे आणि सहावे दार पट्टा सोडून देण्याचे. पाचव्यात भाडेकरू उघडपणे हक्क सोडतो आणि मालक तो स्वीकारतो. दोघांची संमती लागते. सहाव्यात ती संमती वर्तनातून दिसते. कायद्यातच त्याचे उदाहरण दिले आहे : जुना पट्टा चालू असतानाच भाडेकरूने त्याच जागेचा नवा पट्टा स्वीकारला, तर जुना तिथेच संपला. हा नियम निरुपद्रवी वाटतो. परंतु दहा वर्षे बाकी असलेल्या माणसाने ‘नुसती सही करा, नवे कागद करू’ या बोलण्यावर एका वर्षाचा नवा करार केला, तर त्याची दहा वर्षे त्या सहीत बुडू शकतात.

१०/ सातवे दार सर्वांत कठोर : हक्क जप्त होणे. त्याची कारणे मोजकी. भाडेकरूने अशी अट मोडली की जिच्या भंगानंतर मालकाला ताबा परत घेता येईल असे पट्ट्यातच लिहिले आहे. किंवा त्याने मालकाचा हक्क नाकारून ‘ही जागा माझी’ अथवा ‘अमक्या तिसऱ्याची’ असा दावा मांडला. किंवा तो दिवाळखोर ठरला आणि तशी अट पट्ट्यात होती. मूळ कायद्यात पट्टा संपवण्याचा इरादा दाखवणारी मालकाची एखादी कृतीही पुरत असे. १९२९ च्या दुरुस्तीने लेखी नोटीस आवश्यक केली. म्हणजे अट मोडताच पट्टा आपोआप मरत नाही. मालकाने ‘मी तो संपवतो’ असे लिहून कळवावे लागते.

११/ कठोर दाराला कायद्याने दोन नरम बिजागऱ्याही दिल्या. कलम ११२ : अट मोडल्याचे ठाऊक असताना मालकाने त्यानंतरचे भाडे घेतले, तर जप्तीचा हक्क त्याने सोडला असे धरले जाते. कलम ११४ : भाडे थकल्यामुळे जप्ती होत असेल, आणि सुनावणीच्या वेळी भाडेकरूने थकबाकी, व्याज आणि दाव्याचा पूर्ण खर्च भरला, किंवा पंधरा दिवसांत भरण्याची हमी दिली, तर न्यायालय त्याचा पट्टा वाचवू शकते. पैशाची चूक पैशाने भरून निघत असेल तर घर हिरावू नये, हा त्यामागचा विचार. या नियमांमुळेच ‘भाडे घेणे’ ही साधी कृती जोखमीची झाली. मालक भाडे नाकारू लागले आणि भाडेकरू मनीऑर्डरच्या पावत्या जपून ठेवू लागले.

१२/ आठवे दार नोटिशीचे. लेखी मुदत नसेल तर कलम १०६ पट्ट्याचे स्वरूप ठरवते : शेती किंवा कारखान्यासाठी असेल तर वर्षावर्षाचा, सहा महिन्यांच्या नोटिशीने संपणारा, इतर कामासाठी असेल तर महिन्यामहिन्याचा, पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपणारा. नोटिशीची मुदत भाड्याच्या महिन्याच्या अखेरीसच संपली पाहिजे, असा जुना दंडक होता. एका दिवसाची चूक झाली तरी दावा फेटाळला जाण्याची भीती. १९१८ मध्येच प्रिव्ही कौन्सिलने सांगितले होते की अशा नोटिशी दोष शोधण्याच्या नजरेने वाचू नयेत. तरीही तारखांचे वाद चालत राहिले. अखेर २००२ च्या दुरुस्तीने दिवसांच्या अशा चुकीने नोटीस बाद होणे थांबवले.

१३/ यादीत काय आहे याइतकेच काय नाही, हेही पाहण्यासारखे आहे. भाडेकरूचा मृत्यू या आठांत नाही; पट्ट्याचा हक्क एरवी वारसांकडे जातो. इमारत पडणे, जळणे, पुरात वाहून जाणे, हेही यादीत नाही. त्याची व्यवस्था कलम १०८ मध्ये वेगळी आहे : आग, वादळ, पूर, सैन्य किंवा जमाव यांच्यामुळे मिळकत कायमची निरुपयोगी झाली, तर पट्टा रद्द मानायचा की नाही, ही निवड भाडेकरूची. मालकाची नव्हे. १८८२ च्या कायद्यातला हा छोटा तपशील पुढे मोडकळीला आलेल्या इमारतींच्या काळात फार मोलाचा ठरला.

१४/ पट्टा संपल्यावरही भाडेकरू जागेत राहिला तर? इथे कलम ११६ येते. मालकाने त्यानंतर भाडे स्वीकारले किंवा त्याच्या राहण्याला दुसऱ्या रीतीने संमती दिली, तर पट्टा महिन्यामहिन्याचा वा वर्षावर्षाचा असा नव्याने सुरू झाला असे मानले जाते. संमतीच नसेल तर राहणाऱ्याच्या हाती पट्टा उरत नाही, उरतो तो नुसता ताबा. मात्र तो ताबादेखील बळजबरीने काढता येत नाही. न्यायालयात जावेच लागते. मुदत संपण्याचा दिवस आणि कुलूप बदलण्याचा दिवस यांच्यामध्ये राज्यसंस्था उभी राहते, ती इथे.

१५/ १९१८ पर्यंत हे सगळे मालक आणि भाडेकरू यांच्यातले खासगी गणित होते. पहिल्या महायुद्धाने ते बिघडवले. मुंबईत माणसे वाढली, बांधकाम मंदावले, भाडी चढली. एका महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस पुरत होती, त्यामुळे ‘भाडे वाढवा नाहीतर निघा’ ही धमकी पूर्णपणे कायदेशीर होती. त्या वर्षी युद्धकालीन भाडेनिर्बंधाचा कायदा आला. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, १९३९ मध्ये, पुन्हा एक. १९४४ मध्ये आणखी एक. प्रत्येक कायदा तात्पुरता म्हणून आला. मुंबईच्या भाडेकरूचे संरक्षण हे असे आणीबाणीच्या पोटी जन्मलेले आहे.

१६/ १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. तोही मुदतीचाच होता, आणि वेळोवेळी मुदतवाढ घेत अर्धशतक जगला. त्याने कलम १११ रद्द केले नाही. त्याच्यापुढे दुसरी भिंत बांधली. भाडेकरू प्रमाणभाडे देत आहे, किंवा देण्यास तयार आहे, तोवर पट्टा संपला असला तरी मालकाला ताबा मिळणार नाही. ताबा हवा तर कायद्यात दिलेले कारण सिद्ध करावे लागे : थकबाकी, परस्पर पोटभाडेकरू ठेवणे, उपद्रव, मालकाची खरी गरज, सहा महिने जागा विनाकारण न वापरणे अशी. मालकाची गरज खरी असली तरी कोणाचे हाल अधिक होतील, हे न्यायालय तोलून पाही. प्रमाणभाड्याचा पाया होता १ सप्टेंबर १९४०.

१७/ मग दोन कायद्यांचे नाते काय? आधी कलम १०६ प्रमाणे नोटीस देऊन पट्टा संपवायचा, आणि मग भाडेनियंत्रण कायद्यातले कारण दाखवायचे, अशी दुहेरी वाट बराच काळ मानली जाई. नोटिशीतल्या तांत्रिक चुकीवर खटले पडत. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने, मद्रासहून आलेल्या धनपाल चेट्टियार खटल्यात, हा गुंता सोडवला : भाडेनियंत्रण कायद्याखाली ताबा मागताना कलम १०६ ची नोटीस आवश्यक नाही. कारण पट्टा संपवूनही मालकाच्या हाती काही येत नाही. त्याचा हक्क ठरतो तो विशेष कायद्यातल्या कारणानेच. आठ दारे जागेवरच होती, पण शहरातल्या भाडेकरूसाठी रस्ता आता दुसरीकडून जात होता.

१८/ जो पट्टा व्यवहारात संपतच नाही, त्याला किंमत येते. ती किंमत म्हणजे पागडी. १९४० च्या पातळीवर गोठलेले भाडे आणि चढत जाणारा जागेचा भाव यांतला फरक रोखीने हात बदलू लागला. जागा देताना भाड्याखेरीज रक्कम घेणे मालकासाठी गुन्हा होता, आणि हक्क सोडताना पैसे घेणे भाडेकरूलाही मना होते. तरीही मुंबईचे कितीतरी व्यवहार त्यावर चालले. मालकांनी ‘लीव्ह अँड लायसन्स’ची वाट धरली, कारण परवानगीवर राहणारा हा भाडेकरू नसतो. १९७३ मध्ये कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरू मानले गेले. संरक्षण मिळालेल्यांना दिलासा मिळाला. रिकामी घरे असलेल्यांच्या मनात धाक बसला.

१९/ दुसऱ्या बाजूचे दुखणेही खरे होते. ज्या चाळीचे भाडे १९४० चे, तिची डागडुजी कोणत्या पैशातून करायची? १९ डिसेंबर १९९७ रोजी मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की असे गोठलेले भाडे आता वाजवी राहिलेले नाही. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपणार असल्याने तो तिथेच रद्द केला नाही. त्यातून आलेला १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने दरसाल ४ टक्के वाढीची सोय केली, पागडीला वैध ठरवले, बँका आणि एक कोटी वा त्याहून अधिक भरणा-भांडवलाच्या कंपन्यांना संरक्षणाबाहेर काढले. परवानाधारकाने मुदतीअंती जागा सोडली नाही तर दुप्पट शुल्काची तरतूद झाली.

२०/ अकरा महिन्यांचा करार हा याच इतिहासाचा अवशेष. एका वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृत दस्तानेच होतो, हा १८८२ चा नियम. तो टाळण्यासाठी अकरा महिने. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्यानंतर या सवयीला तो आधार उरलेला नाही : मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. करार नोंदलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. सवय टिकली, कारण मात्र निघून गेले.

२१/ आणि पडलेली इमारत? हा प्रश्न २०१४ मध्ये महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला. मोडकळीला आलेली इमारत महापालिकेने पाडली. मालकाचे म्हणणे, इमारत गेली म्हणजे भाडेपट्टाही गेला. तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते मान्य केले नाही. भाडेपट्ट्यात इमारतीखालची जमीनही येते, आणि कलम १११ च्या यादीत इमारत नष्ट होणे हे कारणच नाही. २००१ चा उलट निकाल यामुळे मागे पडला. पावसाळ्यात धोकादायक इमारतीतून हलवल्या जाणाऱ्या कुटुंबाला घर सोडताना वाटणारी भीती हीच असते, की भिंतींबरोबर हक्कही कोसळेल. निदान कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे : कोसळत नाही.

२२/ आता दुसरी वाट, शेताची. १९३९ च्या कायद्याने मुंबई प्रांतात ‘संरक्षित कूळ’ आले. १९४८ मध्ये मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला. १९५६ च्या दुरुस्तीतले कलम ४-ब पहिल्या दाराला सरळ कुलूप लावते : केवळ ठरलेली मुदत संपली म्हणून कुळाची वहिवाट संपणार नाही. स्वतः कसण्यासाठी जमीन हवी असलेल्या मालकाने ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत नोटीस आणि ३१ मार्च १९५७ पर्यंत अर्ज द्यायचा होता. आणि दुसऱ्या दिवशी, १ एप्रिल १९५७ रोजी, ‘कृषक दिन’ : त्या दिवशी कायद्यात बसणारे कूळ आपण कसत असलेल्या जमिनीचे खरेदीदार मानले गेले. चौथे दार, विलीनीकरणाचे, विधिमंडळाने स्वतः उघडले. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये हा कायदा वैध ठरवला. विदर्भात याला जुळणारा दिवस १ एप्रिल १९६१ चा.

२३/ मग सर्व कुळे मालक झाली का? नाही, आणि त्याचे कारण पाचव्या दारात सापडते. वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदनपूर यांनी गोखले संस्थेतर्फे या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात कुळांनी ‘स्वखुशीने’ जमिनी सोडल्याचे प्रमाण ठळकपणे पुढे आले. मालक सावकार असेल, गावचा पुढारी असेल, तर खुशी म्हणजे काय? कायद्याने म्हणूनच कुळाचा त्याग लेखी आणि मामलेदाराने पडताळलेला असावा अशी अट घातली. तरी वाट उरलीच. किंमत ठरवण्याच्या चौकशीत कूळ हजर राहिले नाही, किंवा ‘मला घ्यायची नाही’ असे म्हणाले, तर खरेदी निष्फळ ठरे. एका वाक्याच्या जबाबाने पिढ्यांची वहिवाट संपू शकत होती.

२४/ काही मालकही दुबळे होते, हे कायद्याने ओळखले. मालक विधवा, अज्ञान, अपंग किंवा सैन्यातला असेल तर कुळाची खरेदी पुढे ढकलली गेली. चार गुंठ्यांच्या भाड्यावर जगणारी विधवा आणि शेकडो एकरांचा इनामदार एकाच मापाने मोजता येत नाहीत. परंतु या सवलतीत अवधी संपल्यानंतर कुळाने ठरावीक मुदतीत कळवणे आवश्यक होते, आणि ती मुदत हुकल्याचे वाद पुढे कितीतरी काळ चालले. १९६९ च्या दुरुस्तीने आणखी एक चूक सुधारली : १५ जून १९५५ रोजी ताब्यात असलेल्या आणि कृषक दिनाआधी कायदेशीर प्रक्रियेशिवाय हुसकावलेल्या कुळांना जमीन परत मिळण्याची वाट खुली झाली.

२५/ १८८२ ते आजपर्यंतचा हा प्रवास एकत्र पाहिला तर एक गोष्ट दिसते. कलम १११ ची भाषा फारशी बदललेली नाही. बदलली ती कोणते दार कोणासाठी उघडेल याची व्यवस्था. मुदतीचे दार शेतात बंद झाले, शहरात अडवले गेले, मोठ्या कंपन्यांसाठी पुन्हा उघडले. नोटिशीचे दार तारखांच्या चुकांतून मोकळे झाले. सर्वांत साधे दिसणारे दार, आपण होऊन सोडण्याचे, हेच दुबळ्या पक्षासाठी सर्वांत धोक्याचे ठरले. कारण तिथे मालकाला काहीच सिद्ध करावे लागत नाही, समोरच्याची सही पुरते.

२६/ म्हणून जुना सातबारा, भाडेपावत्यांचा गठ्ठा किंवा आजोबांच्या नावाचा पट्टा हाती आला, तर आधी तीन गोष्टी पाहाव्यात. हक्क कोणत्या कायद्याखालचा : हस्तांतरण कायदा, भाडेनियंत्रण की कूळकायदा? तो संपला असे म्हणणारा कोणत्या दाराकडे बोट दाखवतो? आणि त्या दाराची अट, म्हणजे लेखी नोटीस, पडताळलेला जबाब, नोंदलेला दस्त, खरोखर पूर्ण झाली होती का? सातबाऱ्यावरचा ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ हा शेरा कित्येक घरांत नुसता अडथळा वाटतो. तो मुळात १९५७ च्या त्या एप्रिलचा माग आहे : या जमिनीवर कधीकाळी एक कूळ होते, आणि त्याची वहिवाट मालकीत संपली.